विश्लेषण : हेन्री मूरचे शिल्प खटाव तालुक्यात कसे? परदेशातून कला आणणाऱ्या औंधच्या राजाची गोष्ट

परदेशवारीत जुन्या बाजारातून घड्याळ, नक्षीचा दिवा किंवा एखादे चित्र उचलून आणणारे पर्यटक आता नवीन राहिलेले नाहीत. ती वस्तू बहुतेक वेळा दिवाणखान्यातच राहते. सातारा जिल्ह्यातील औंधच्या राजाने मात्र अशा वस्तूंसाठी डोंगरावर इमारत उभारली आणि ती लोकांना खुली केली.

कोण होते बाळासाहेब पंतप्रतिनिधी?

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि १९०९ मध्ये औंधच्या गादीवर आले. संस्थान लहान, अवघ्या ७२ गावांचे, तेही सलग नाही. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. आटपाडी आणि कुंडल सांगलीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ मिळाला तो याच राजाकडून. तिथेच किर्लोस्करवाडी वसली.

सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून बाळासाहेब सर्वांना ठाऊक आहेत. पण ते स्वतः चित्रकार होते, कीर्तन करायचे आणि १९३५ च्या इंदूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षही होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी पैसा दिला, चित्रेही काढली. अजिंठ्याच्या लेण्यांवर त्यांचे १९३२ चे पुस्तक आहे. म्हणजे खरेदी करणारा डोळा आधी हातात ब्रश धरून तयार झालेला होता. हौशी संग्राहक आणि बाळासाहेब यांच्यातला फरक इथेच आहे.

परदेशातून काय आणले?

१९३६ मध्ये ते इंग्लंडमध्ये होते. तिथे लुईस मॉर्गन या पत्रकार महिलेने सूर्यनमस्कारांविषयी त्यांची मुलाखत घेतली आणि त्यातून पुढे इंग्रजी पुस्तक निघाले. त्या काळी विलायतेला गेलेले अनेक संस्थानिक मोटारी आणि झुंबरे घेऊन परतत. औंधच्या संग्रहात मात्र युरोपीय चित्रे, शिल्पे आणि गाजलेल्या कलाकृतींच्या प्रतिकृती दिसतात.

प्रतिकृती म्हटले की आज नाक मुरडले जाते. पण तेव्हा युरोपातील कलादालनांत बसून जुन्या उस्तादांच्या चित्रांची हुबेहूब नक्कल करणे हा एक रीतसर व्यवसाय होता आणि प्रवासी त्या नकला विकत घेत. मूळ चित्र कुणी विकणार नव्हते, आणि खटावचा विद्यार्थी ते पाहायला इटलीला जाणार नव्हता. त्या हिशेबाने चांगली प्रतिकृती घेणे हा शहाणपणाचाच सौदा.

संग्रहातील सर्वात चर्चेतली वस्तू मात्र प्रतिकृती नाही. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘माता आणि बालक’ हे अस्सल शिल्प औंधला आहे. १९३० च्या दशकात मूर यांच्यावर त्यांच्याच देशात टीकेची झोड उठत होती. जागतिक कीर्ती नंतरची.

संग्रहालय केव्हा झाले?

यमाई देवीच्या डोंगरावर, चढाच्या निम्म्या वाटेवर, १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालय उभे राहिले. राजा रविवर्मा आणि धुरंधरांची चित्रे, लघुचित्रे, हस्तिदंत आणि चंदनातील कोरीवकाम असा देशी ठेवाही तिथेच आहे. रविवर्म्यांच्या चित्रांना १९७९ मध्ये राष्ट्रीय कलाठेव्याचा दर्जा मिळाल्याने ती आता देशाबाहेर विकता येत नाहीत.

याच वर्षी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, बाळासाहेबांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. गांधीजींचा सल्ला, पुत्र अप्पासाहेब आणि पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रीडमन यांची मेहनत यांतून १९३९ च्या जानेवारीत औंधला स्वराज्याची घटना मिळाली. आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, उभी राहिली. ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्याच प्रयोगावर बेतलेला.

पुढे संग्रहाचे काय झाले?

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. अशा वेळी अनेक राजघराण्यांचे संग्रह वारसांत वाटले गेले किंवा लिलावात फुटले. औंधचा संग्रह आधीच लोकांसाठी मांडलेला होता, म्हणून तो जागेवर राहिला. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांचे निधन झाले. आज हे संग्रहालय राज्य सरकारकडे आहे. साताऱ्याहून औंध चाळीसेक किलोमीटर. यमाईच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी वाटेत तासभर तरी हाताशी ठेवावा.