अलिबागचे नानाभाई मूस

अलिबाग म्हटले की आपल्याला समुद्र, कुलाबा किल्ला आणि पांढरा कांदा आठवतो. पाहुणे म्हणून जाणाऱ्या आपल्यासारख्यांना तेथील चुंबकीय वेधशाळा सहसा कोणी दाखवत नाही. ती उभारणारे नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस.

त्यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ चा. जेमतेम दोन महिने आधी, सप्टेंबरच्या आरंभी, सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती. पुण्यात अभियांत्रिकी आणि एडिंबरोत विज्ञान शिकून नानाभाई एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक झाले, आणि १८९६ साली त्याच वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक.

तेथील काम नाजूक. टांगलेल्या चुंबकाला छोटा आरसा लावायचा. त्यावरून परावर्तित होणारा प्रकाश छायाचित्रणाच्या कागदावर रेघ काढतो. पृथ्वीभोवतीच्या अवकाशात विद्युतप्रवाह बळावले की चुंबक किंचित वळतो आणि रेघ हलते. आकाशात काय चालले आहे, ते जमिनीवर बसून असे कळते.

अशातच मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले. त्यांचा प्रवाह रुळांतून, जमिनीतून पसरणार आणि चुंबक ट्रामच्याच तालावर डुलू लागणार! १८४० च्या दशकापासूनची नोंदींची साखळी तुटण्याची वेळ आली. नानाभाईंनी ट्रामशी भांडण मांडले नाही. सुमारे ३० किलोमीटरवरचे अलिबाग निवडले आणि तेथे पोरबंदरी दगडाची, लोखंड टाळून इमारत बांधून घेतली. पण खरी दूरदृष्टी पुढेच आहे. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे त्यांनी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले. त्यामुळे जुने आकडे नव्यांशी जोडता आले. नाहीतर कुलाब्याच्या वह्या एकीकडे आणि अलिबागच्या दुसरीकडे राहिल्या असत्या. विजेची ट्राम १९०७ साली धावली, तोवर कुलाब्याचे चुंबकीय काम आटोपले होते.

१९१० साली त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांची निरीक्षणे विवेचनासह दोन खंडांत प्रसिद्ध केली. ना संगणक, ना उपग्रह. तासातासाचे आकडे हाताने मांडायचे. वादळ सुरू झाल्यापासूनचे तास मोजून अनेक वादळे त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिली. चुंबकीय बल आधी झपाट्याने घटते, मग सावकाश पूर्ववत होते, हा क्रम त्यातून दिसतो. पृथ्वीला वेढणारा विद्युतप्रवाह वादळात वाढतो, हे त्याचे कारण विज्ञानाला नंतर उमगले.

१९१९ साली नानाभाई निवृत्त झाले आणि १९३६ साली वारले. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि तेथील नोंदी अजून चालू आहेत.