वारीच्या वाटेवरील वैद्य : श्रीगाडगेबाबा

आषाढी एकादशीस पंढरीत वैष्णवांची दाटी होते आणि ज्याची त्याची दृष्टी राउळाच्या कळसाकडे लागलेली असते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात याच दाटीत चिंध्यांचे वस्त्र पांघरलेला एक पुरुष हाती खराटा घेऊन चंद्रभागेचे वाळवंट झाडीत असे. मूर्तीच्या दर्शनाचा हव्यास त्याने कधी धरला नाही. श्रीगाडगेबाबांची ही स्वच्छतेची सेवा आमच्या वाचकांस परिचित आहेच. आज पर्वणीच्या निमित्ताने आम्हांस स्मरण होते ते घराघरांत लपवून ठेविलेल्या दुसऱ्या एका केराचे. तोही बाबांनी आयुष्यभर उपसला, आणि त्याचे मूळ त्यांच्या स्वतःच्याच घरात होते.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परिटाच्या घरी बाबांचा जन्म झाला. नाव डेबू. पिता झिंगराजी, माता सखूबाई. त्या काळी बारसे असो, लग्न असो वा नवस असो, अनेक घरांत देवापुढे बोकड पडे आणि पाठोपाठ दारू येई. देवाच्या आणि जातगंगेच्या नावाने पुढे आलेला पेला नाकारण्याचे धैर्य कोणास असणार? झिंगराजी त्या पेल्यात बुडाले. घरदार गेले, देह खंगला आणि डेबू जेमतेम आठ वर्षांचा असता, १८८४च्या सुमारास, त्यांचा अंत झाला.

त्या माउलीच्या स्थितीचा विचार आमच्या मनातून जात नाही. पती पितो हे गावाला ठाऊक, परंतु बोलावयाची चोरी. भगताचा अंगारा आणावा, आणखी एक नवस बोलावा, म्हणजे पुन्हा बोकड आणि पुन्हा दारू! ज्या दाराशी उपाय शोधावयाचा, त्याच दारातून रोग आत येत होता. पुत्रास घेऊन सखूबाई मूर्तिजापूरकडील दापुरे या माहेरगावी आल्या. तेथे डेबूने गुरे राखिली, नांगर धरिला. पुढे कर्जापायी मामांचे शेत सावकाराने गिळंकृत केले आणि त्या धक्क्याने मामाही गेले. दारू आणि ऋण, दोन्हींनी कुटुंबे कशी धुळीस मिळतात हे या निरक्षर तरुणाने पोथीत वाचले नव्हते, ते त्याने अंगणात पाहिले होते.

पहिला प्रतिकार घरातच झाला. मुलीच्या बारशास जमलेल्या भाऊबंदांची अपेक्षा मांस आणि मद्याची होती. डेबूजींनी पंक्तीस गोडधोड वाढले. आज ही गोष्ट लहान वाटेल, परंतु ज्याने खेड्यात जातपंक्तीचा रोष पाहिला आहे, त्यास तिचे मोल कळेल. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, हाती काठी आणि एक मातीचे गाडगे, एवढाच संसार उरला.

बाबा गावात शिरत ते खराटा चालवीत, आणि दिवसभर झाडलेल्या त्याच गावात रात्री कीर्तनास उभे राहत. त्यांचे कीर्तन शास्त्रीबुवांचे नव्हे. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तर वदवून घेत. दारूवर पैसा किती जातो, लेकरांच्या ताटात काय पडते, बोकड मागणारा तो देव कसला, असे त्यांचे विचारणे असे. ज्या गोष्टीची घरात कुजबुजही होत नसे, ती हजारोंच्या समुदायात उघड होई आणि तरीही कोणा एकाची बेअब्रू होत नसे. आमच्या मते बाबांची खरी वैद्यकी ती हीच. बायकांना प्रथमच असे वाटले असेल, की हे दुःख आपल्या एकटीच्या कपाळीचे नव्हे.

तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बाबांच्या काळी शपथेवाचून खेड्यात दुसरे औषध नव्हते. आज वैद्यकशास्त्र व्यसनास रोग मानते. वर्षानुवर्षे अतिमद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी थांबविल्यास हातपाय कापणे, भ्रम होणे, फेफरे येणे, क्वचित प्राणावर बेतणे असे प्रकार घडतात. म्हणून सोडणे वैद्याच्या देखरेखीखाली व्हावे. तुळशीची माळ घालावी, परंतु दवाखानाही गाठावा. १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात मुक्तांगण उभे केले. २०२२ साली भारत सरकारने मनाच्या व्याधींसाठी टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनीसेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक गावाच्या वेशीबाहेर न जाताही लावता येतो.

मनाच्या दुखण्यासंबंधीही असेच म्हणावे लागेल. १९२३ साली बाबांचा एकुलता पुत्र गोविंद कुत्र्याच्या दंशाने वारला. ती वार्ता कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता आली, आणि कीर्तन थांबले नाही. हे धैर्य वंदनीय खरे, परंतु पुत्रशोकाने खचलेल्या साध्या आईबापांपुढे हा दाखला ठेवून त्यांना गप्प करणे आम्हांस क्रूरपणाचे वाटते.

स्वतः बाबांनी तसे कोणास गप्प केल्याचे दिसत नाही. रोग्याला आधार लागतो, आणि रोग्याच्या माणसालाही लागतो, हे त्यांनी ओळखले होते. पंढरपूर, नाशिक आदी क्षेत्रांत त्यांनी धर्मशाळा उभारिल्या. पंढरीतील चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा तर ज्यांना कोणी उंबरठा ओलांडू देत नसे त्यांच्यासाठी होती. १९५४ साली मुंबईस जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी जी धर्मशाळा बांधविली, ती खेड्यातून रुग्णासवे आलेल्या नातलगांसाठी. यात्रेकरूच्या पथारीइतकीच दवाखान्याच्या दारी ताटकळणाऱ्याची पथारी त्यांना महत्त्वाची वाटली. लक्षावधी रुपयांच्या या वास्तूंत त्यांनी स्वतःच्या कुटुंबासाठी एक खोलीही राखिली नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी, वाटेतच त्यांनी देह ठेविला.