रेणूंच्या धडकांचे गणित सोपे करणारे प्रभुलाल भटनागर

छत्तीसगडमधील रायपूरजवळच्या उरला व सिलतरा औद्योगिक वसाहती स्पंज आयर्नसाठी ओळखल्या जातात. तेथील भट्ट्यांत लोहखनिजाच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि हवेतील नायट्रोजनही त्यांच्यात मिसळलेला असतो. अशा मिश्रणातील प्रत्येक वायूचे विसरण संगणकावर आकडेमोड करून काढण्याच्या एका महत्त्वाच्या पद्धतीच्या मुळाशी भारतीय गणितज्ञ डॉ. प्रभुलाल भटनागर यांचे कार्य आहे.

भटनागर यांचा जन्म ८ ऑगस्ट १९१२ रोजी राजस्थानातील कोटा येथे झाला. अलाहाबाद विद्यापीठात प्रा. अमियचरण बॅनर्जी यांच्या सहवासात ते ताऱ्यांच्या गणिताकडे वळले. पुढे दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात त्यांनी सुमारे दीड दशक अध्यापन केले.

याच काळात ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. वायूतील रेणूंच्या हालचालींचे समीकरण बोल्ट्झमन यांनी १८७२ मध्येच मांडले होते. परंतु त्यातील धडकांचा भाग इतका गुंतागुंतीचा, की प्रत्यक्ष उत्तर काढणे जवळजवळ अशक्य. भटनागर, यूजीन ग्रॉस आणि मॅक्स क्रूक यांनी प्रत्येक धडकेचा हिशेब सोडून दिला. धडकांमुळे वायू समतोलाकडे परततो, तेव्हा तो कोणत्या दराने परततो एवढेच पाहावे, असे त्यांनी सुचविले. १९५४ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'त प्रसिद्ध झालेले हे प्रारूप तिघांच्या आद्याक्षरांवरून 'बीजीके' म्हणून ओळखले जाते. स्वीडनचे वेलँडर यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली.

या सोपेपणाची किंमत होती. सर्व बदलांना एकच दर लावल्याने श्यानता व उष्णतावहन यांचे गुणोत्तर चुकते. एकअणू वायूसाठी सुमारे दोन-तृतीयांश असणारा प्रांटल अंक येथे १ येतो. मिश्रणात तर अडचण आणखी वाढते. डंकन व टूर यांनी १९६२ मध्ये हायड्रोजन, नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांच्यावर केलेल्या प्रयोगात, दोन्ही बाजूंना जवळजवळ समान प्रमाणात असूनही नायट्रोजन सरकू लागला. इतर दोन वायूंच्या ओढीचा तो परिणाम होता. दोन घटकांच्या मिश्रणासाठी प्रारूपाचा विस्तार ग्रॉस व क्रूक यांनी १९५६ मध्येच केला होता.

त्याच वर्षी भटनागर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि तेथे त्यांनी उपयोजित गणित विभाग उभारला. १९६८ मध्ये त्यांना पद्मभूषणने गौरविण्यात आले. राजस्थान विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. अखेरीस ते अलाहाबादच्या मेहता संशोधन संस्थेचे संचालक झाले. ५ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

संगणकावरील खरा उपयोग त्यानंतरचा. १९९०च्या दशकारंभी लॅटिस बोल्ट्झमन पद्धतीने हेच प्रारूप स्वीकारले आणि १९९३ मध्ये शान व चेन यांनी ती अनेक घटकांच्या मिश्रणांना लागू केली. २००२ मध्ये आंद्रीज, आओकी व पर्थाम यांनी वायुमिश्रणांसाठी सुसंगत असे नवे रूप मांडले. त्यातही प्रत्येक वायूला समतोलाकडे नेणारी एकच संज्ञा ठेवलेली आहे.