ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर

अंतराळयानांनी घेतलेली ग्रहांची छायाचित्रे आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावली, तेव्हा मुलांची नजर सर्वांत अधिक खिळली ती प्लूटोच्या चित्रावर. तांबूस-तपकिरी गोल आणि त्यावर पसरलेले हृदयाच्या आकाराचे फिकट मैदान! साडेनऊ वर्षांचा प्रवास करून न्यू होरायझन्स हे यान जुलै २०१५ मध्ये तेथे पोहोचले, तेव्हाचे हे चित्र. हा गोल कोणाच्या दृष्टीस पडण्यापूर्वी एकोणीस वर्षे त्याच्याजवळ येणारे आकडे आपल्याच बाजूच्या एका शाळामास्तरांनी मांडले होते, असे सांगताच मुलांना ते खरे वाटेना.

व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८ जानेवारी १८५४ रोजी नरगुंद येथे झाला. ते चार वर्षांचे असताना नरगुंदच्या बाबासाहेबांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले व संस्थान बुडाले. अशा धामधुमीच्या काळात वाढलेला हा मुलगा १८७४ साली मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात शिक्षक झाला आणि १९११ मध्ये बागलकोटच्या इंग्रजी शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला. त्यांचे उत्तरायुष्य विजापुरास गेले. भोवती कन्नड बोली, लेखन संस्कृत, मराठी आणि इंग्रजीत! आमच्या घरी कोकणी, शाळेत मराठी आणि बाजारात कन्नड. त्यामुळे आम्हांस तरी यात नवल वाटत नाही.

शाळेच्या कामाबाहेरचा वेळ त्यांनी कशास दिला? त्या काळी दक्षिणेतील पंचांगे बहुधा गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून करीत. तो ग्रंथ १५२० सालचा, आणि आपल्या काळी उत्तम. परंतु गणितात अल्पशी चूक राहिली, तरी शतकानुशतके ती साचत जाते. पंचांगात ग्रहणाची वेळ एक आणि आकाशात दुसरी, असे होऊ लागले. केतकरांची भूमिका सरळ होती : पोथी आणि आकाश यांत विरोध आला, तर पोथी सुधारावी. युरोपातील नव्या वेधांवरून बसविलेले गणित त्यांनी 'ज्योतिर्गणितम्' व 'केतकी ग्रहगणितम्' या संस्कृत ग्रंथांत उतरविले. जुन्या पद्धतीत वाढलेल्या जोशीबुवांनाही ते वापरता यावे, ही त्यांची दृष्टी आम्हांस फार मोलाची वाटते.

अर्थात वाद झालेच. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा, या प्रश्नावर लोकमान्य टिळकांचा पक्ष रेवती ताऱ्याचा, तर केतकरांचा चित्रेचा. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर. म्हणजे संक्रांत चार दिवस मागेपुढे, आणि कधी अधिकमासही निराळा. लोकमान्यांसारख्या पुरुषाशी मतभेद पत्करणे त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हती. पुढे भारत सरकारने नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ मध्ये चित्रापक्षाला धरूनच निर्णय दिला. तो पाहावयास दोघेही उरले नव्हते.

ज्या वर्षी केतकर निवृत्त झाले, त्याच १९११ साली फ्रान्समधील खगोल मंडळाच्या पत्रिकेत त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. गुरूचा एक उपग्रह, आयो, चार फेऱ्या घालतो तेवढ्यात युरोपा दोन आणि गॅनिमीड एक फेरी घालतो. त्यांच्या गतींतील हा मेळ लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने उलगडला होता. असाच मेळ युरेनस, नेपच्यून आणि त्यांपलीकडील अज्ञात ग्रहांत असावा, असे केतकरांनी धरले. अशा दोन ग्रहांना त्यांनी ब्रह्मा व विष्णू ही नावे दिली. ब्रह्मा सूर्यापासून पृथ्वीच्या ३८.९५ पट दूर असावा आणि त्याची प्रदक्षिणा २४२.२८ वर्षांची असावी, हे त्यांचे गणित.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ या तरुणास आकाशाच्या छायाचित्रांची तुलना करताना एक सरकलेला ठिपका आढळला. तोच प्लूटो. त्याचे सरासरी अंतर सुमारे ३९.५ पट, प्रदक्षिणा सुमारे २४८ वर्षांची!

प्लूटोचा शोध केतकरांनीच लावला, असे काही जण अभिमानाने सांगतात. आम्हांस ते मान्य नाही. आकाशात कोणत्या दिशेस पाहावे, हे त्यांनी सांगितले नव्हते आणि ते आकडे नेमके कोणत्या पायऱ्यांनी आले, हेही स्पष्ट नाही. जुळणीत योगायोगाचा भाग असू शकेल. जी कसोटी त्यांनी पोथीला लावली, ती त्यांच्या गणितालाही लावली पाहिजे. तथापि दुर्बीण हाती नसता, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी जगातील विद्वानांपुढे तपासता येईल असा आकडा ठेवण्यास जे धैर्य लागते, ते त्यांच्यापाशी होते.

त्या गोलास प्लूटो हे नाव इंग्लंडमधील अकरा वर्षांच्या एका शाळकरी मुलीने सुचविले. ते नाव मे १९३० मध्ये जाहीर झाले आणि ३ ऑगस्ट १९३० रोजी केतकरांचे निधन झाले. २००६ मध्ये प्लूटोची गणना बटुग्रहांत करण्यात आली. त्याच्या आसपास १९९२ पासून असे कितीतरी लहान गोल सापडले आहेत. विष्णूचा पत्ता मात्र अद्याप लागलेला नाही.