कामगारांचे नामदार : नारायण मल्हार जोशी

मुंबईच्या गिरणगावातील जुन्या डिलाईल रोडला पुढे ना. म. जोशी मार्ग हे नाव मिळाले. नाव सर्वांच्या तोंडी राहिले. माणूस मात्र विस्मरणात गेला. याचे कारण काही अंशी जोशी यांच्या स्वभावातच होते. गर्दीला डोलवणारे वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते, तुरुंगवासाचे वलयही नव्हते. तरीसुद्धा हिंदी कामगाराने संघटना करणे हा गुन्हा ठरू नये, हे तत्त्व कायद्यात उतरवण्याचे श्रेय ज्या थोड्या व्यक्तींना द्यावे लागेल, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी येते.

त्यांचा जन्म 5 जून 1879 रोजी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. शिक्षण पुण्यास झाले. पदवी घेतल्यावर काही वर्षे त्यांनी शिक्षकाची नोकरी केली आणि 1909 साली नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश केला. 1911 साली मुंबईत त्यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रीच्या शाळा, दवाखाने, सहकारी पतपेढ्या अशी अनेक कामे लीगने अंगावर घेतली. पण ग्रंथालयाच्या स्मरणिकेत आवर्जून नोंदवावे असे काम म्हणजे फिरती वाचनालये. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या कामगारांच्या चाळींपर्यंत पोचत. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने बडोदे राज्यातही याच सुमारास ग्रंथांच्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या होत्या. बडोद्यास हे कार्य राजाश्रयाने झाले, तर परळला वर्गणीच्या पैशाने. वाचकाच्या दाराशी पुस्तक न्यावे, ही दृष्टी मात्र एकच होती.

चाळीत वावरताना जोशी यांच्या ध्यानात आले की, बारा-बारा तास यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला रात्रीची शाळा पुरी पडणार नाही. 1919 साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. प्रतिनिधी सरकारने निवडला होता, कारण देशात कामगारांची मध्यवर्ती संघटनाच नव्हती. ही उणीव 31 ऑक्टोबर 1920 रोजी दूर झाली. लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली आणि तिच्या संस्थापकांत जोशी होते.

त्याच वर्षी मद्रासेत बकिंगहॅम व कर्नाटक गिरण्यांच्या संपात मालकांनी बी. पी. वाडिया प्रभृती पुढाऱ्यांवर उच्च न्यायालयाचा मनाई हुकूम आणला. कामगारांना संपाचा सल्ला देणे म्हणजे त्यांना करारभंगास चिथावणे, असा युक्तिवाद होता. तो मान्य झाला तर प्रत्येक संघटना कटवाल्यांची टोळी ठरणार आणि पुढाऱ्याचे घरदार नुकसानभरपाईत जाणार, हे उघड होते. 1921 साली मध्यवर्ती कायदेमंडळावर कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नेमणूक होताच जोशी यांनी संघटनांच्या नोंदणीचा व संरक्षणाचा ठराव मांडला. पुढे पाच वर्षांनी, 1926 साली, ट्रेड युनियन कायदा झाला. नोंदणीकृत संघटनेच्या रास्त कार्यासाठी गुन्हेगारी कटाचा खटला भरता येऊ नये, अशी तरतूद त्यात आली. सरकारने नेमलेला सभासद सरकारलाच नडतो, हे दृश्य सभागृहाला सुमारे पंचवीस वर्षे पाहावे लागले. अपयशही त्यांच्या वाट्यास भरपूर आले. बाळंतपणात कामगार स्त्रियांना साहाय्य देणारे त्यांचे 1924 चे विधेयक नामंजूर झाले. मुंबई इलाख्याने तसा कायदा 1929 साली केला.

एक उणीव त्यांना सतत जाणवत राहिली. हे सारे कायदे ब्रिटिश हद्दीपुरते होते. संस्थानांतील कामगार त्यांच्या कक्षेबाहेर राहत. विश्वामित्रीपलीकडे अकोट्याच्या बाजूस 1935 साली दिनेश मिल उभी राहिली तेव्हा तिच्या कामगारांना बडोदे सरकारचे कायदे लागू होते. गोलमेज परिषदेत जोशी यांनी आग्रह धरला होता की, कामगारविषयक कायदे करण्याचा अधिकार संघराज्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळास असावा.

त्यांची खरी कसोटी 1928-29 साली लागली. मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप त्यांनी कम्युनिस्टांच्या जोडीने चालवला. पण संपानंतर गिरणी कामगार युनियनचा झेंडा चाळीचाळीत पोचला आणि जोशी यांची टेक्स्टाइल लेबर युनियन मागे पडली. जहाल मंडळींच्या लेखी ते मालकांचे मित्र ठरले, तर मालकांच्या लेखी जहालांचे. मार्च 1929 मध्ये मीरत खटल्यासाठी कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली. संपावर निर्बंध घालणारे ट्रेड डिस्प्यूट्स बिल त्याच सुमारास कायदेमंडळापुढे होते आणि जोशी त्याच्या विरोधात बोलत होते. 8 एप्रिलला ते संमत झाले. भगतसिंगांचा बाँब सभागृहात पडला तो याच दिवशी. वर्षअखेरीस नागपूर अधिवेशनात, व्हिटले कमिशनवर बहिष्कार घालण्याच्या प्रश्नावरून, स्वतः उभारलेली संस्था सोडून जोशी यांना बाहेर पडावे लागले. ते कमिशनचे सभासद होते आणि साक्षीपुराव्यातून कामगारांचे काही हित साधेल, असा त्यांचा विश्वास होता. कमिशनच्या शिफारशींतून पुढे वेतन प्रदान अधिनियम आला, हे पाहता तो विश्वास अगदीच भाबडा म्हणता येत नाही. त्यासाठी त्यांनी मोजलेली किंमत मात्र जबर होती.

पुढे दुभंगलेले गट एकत्र आले आणि 1940 साली ते पुन्हा ट्रेड युनियन काँग्रेसचे सरचिटणीस झाले. तोवर महायुद्ध सुरू झाले होते. भारत संरक्षण नियमांखाली अनेक राजकीय कार्यकर्ते राजपुतान्यातील देवळीच्या छावणीत स्थानबद्ध होते. त्यांत डांगे होते, जयप्रकाश होते. घरापासून शेकडो मैल दूर, दर्जानुसार भिन्न वागणूक आणि कुटुंबाच्या निर्वाहाची चिंता यांमुळे तेथे 1941 साली उपोषण सुरू झाले. ज्यांनी दशकापूर्वी आपणास मवाळ म्हणून हिणवले, त्यांचीच गाऱ्हाणी समजून घेण्यासाठी बासष्ट वर्षांचे जोशी त्या छावणीत गेले व ती त्यांनी सरकारपुढे मांडली. स्थानबद्धांना आपापल्या प्रांतांत पाठवावे, ही मागणी अखेरीस मान्य झाली. या प्रसंगी त्यांनी जुना हिशेब काढल्याची नोंद कोठे आढळत नाही.

पहिल्या मध्यवर्ती वेतन आयोगाचेही ते सभासद होते. आयोगाच्या 1947 च्या अहवालाने सर्वांत खालच्या नोकराचे पगार व महागाई भत्ता मिळून किमान उत्पन्न पंचावन्न रुपये धरले. तोवर ट्रेड युनियन काँग्रेस पुन्हा पक्षीय ओढाताणीत सापडली होती. 1948 साली जोशी तिच्यापासून दूर झाले. 30 मे 1955 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.