डॉ. मारिया मॉन्टेसरी : आधी मूल पाहा, मग शिकवा



मॉन्टेसरी हे नाव आपण बालवाड्यांच्या आणि इंग्रजी शाळांच्या पाट्यांवर नेहमी वाचतो. पण ही पद्धत कोणत्या मुलांपासून सुरू झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं. ती हुशार, चटपटीत मुलांपासून सुरू झाली नाही. ज्यांना शिकवून काही उपयोग नाही असं ठरवून वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं, त्या मुलांपासून ती सुरू झाली. म्हणूनच आपल्या वर्गात किंवा घरात स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेलं मूल असेल, तर या बाईंचं चरित्र आपल्या फार कामाचं आहे.

जन्म आणि शिक्षण

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियाराव्हाले या गावी झाला. वडील सरकारी नोकरीत होते, आई वाचनाची आवड असलेली. मुलीनं शिक्षिका व्हावं असं वडिलांना वाटे, पण मारियानं मुलांच्या तांत्रिक शाळेत नाव घातलं आणि पुढे थेट डॉक्टरकीचा हट्ट धरला. त्या काळात मुलींनी मुलांसोबत शवविच्छेदन करणं असभ्य मानलं जाई. त्यामुळे सगळे विद्यार्थी निघून गेल्यावर ती एकटीच प्रेतासमोर उभी राहून अभ्यास करी. १८९६ मध्ये ती रोम विद्यापीठातून डॉक्टर झाली.

रिकाम्या खोलीतली मुलं

विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करताना त्यांना रोममधल्या वेड्यांच्या इस्पितळांत जावं लागे. तिथं मोठ्या रुग्णांबरोबर लहान मुलंही कोंडलेली असत. अशाच एका खोलीत मुलं जेवण झाल्यावर जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे वेचत, चिवडत बसत. सांभाळणाऱ्या बाईला त्याची किळस येई. तिच्या मते ती मुलं हावरट होती. मारियाबाईंनी मात्र खोलीभर नजर फिरवली. खोलीत एकही वस्तू नव्हती. ना खेळणं, ना दगड, ना काडी. हातात घेण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून ती मुलं पावाशी खेळत होती. त्यांना भूक होती ती हातांची.

दोघीजणी एकच दृश्य पाहत होत्या. एकीला मुलाचा दोष दिसला, दुसरीला मुलाची गरज दिसली. मॉन्टेसरींचं पुढचं सगळं काम या फरकातून उभं राहिलं.

त्या इस्पितळात स्वमग्न मुलं होती का? त्या काळी हे निदानच नव्हतं. लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत अशा मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं ते १९४३ मध्ये. त्याआधी न बोलणाऱ्या, आपल्याच नादात राहणाऱ्या अनेक मुलांवर मंदबुद्धी असाच शिक्का बसे.

मॉन्टेसरींनी मग जुनी पुस्तकं शोधली. फ्रान्समध्ये १८०० च्या सुमारास जंगलात सापडलेल्या व्हिक्टर नावाच्या मुलाला डॉ. इतार्द यांनी काही वर्षं शिकवलं होतं. हा मुलगा स्वमग्न असावा, असं आजच्या काही अभ्यासकांना वाटतं. इतार्द यांचे शिष्य सेगँ यांनी अशा मुलांसाठी साधनं तयार केली होती. या दोघांची पुस्तकं मॉन्टेसरींनी स्वतःच्या हातानं इटालियनमध्ये उतरवून काढली, प्रत्येक शब्दावर थांबता यावं म्हणून.

१९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी संस्था सुरू झाली. मॉन्टेसरी तिच्या सहसंचालक होत्या. दिवसभर मुलांबरोबर, रात्री नोंदी, असा त्यांचा क्रम होता. त्यातली काही मुलं लिहा-वाचायला शिकली आणि सर्वसाधारण मुलांची परीक्षा पास झाली. लोकांनी याला चमत्कार म्हटलं. मॉन्टेसरींना मात्र वेगळाच प्रश्न पडला : ही मुलं जर इथवर येतात, तर आपल्या चांगल्या शाळांतली धडधाकट मुलं एवढी मागे का?

बालघर

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालघर उघडलं. तिथली एक गोष्ट प्रत्येक शिक्षकानं लक्षात ठेवावी. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या खाचांत बसवत होती. बसवायचे, काढायचे, परत बसवायचे. मॉन्टेसरींनी तिला थांबवलं नाही, मोजत राहिल्या. चाळिसाहून अधिक वेळा तिनं तेच केलं. तिला खुर्चीसकट उचललं, आजूबाजूला गाणी म्हटली, तरी तिचं लक्ष हललं नाही. शेवटी ती आपणहून थांबली, तेव्हा चेहरा प्रसन्न होता. आपण मात्र मूल तेच तेच करायला लागलं की लगेच हातातलं काढून घेतो.

स्वतःचं दुःख

जगभरच्या मुलांना जवळ करणाऱ्या या बाईंना स्वतःचं मूल मात्र जवळ ठेवता आलं नाही. १८९८ मध्ये त्यांना मुलगा झाला, मारिओ. लग्न झालेलं नव्हतं. समाजाच्या भीतीनं तो खेड्यातल्या एका कुटुंबात वाढला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो आईकडे आला, पण पुढेही कित्येक वर्षं लोकांना तो पुतण्या किंवा भाचा असल्याचं सांगितलं जाई.

१९३९ मध्ये दोघं मद्रासला अड्यार इथं शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला आले. १९४० मध्ये इटली युद्धात उतरला आणि इंग्रज सरकारनं मारिओंना शत्रूदेशाचा नागरिक म्हणून अटक केली. त्यांना ठेवलं कुठं, तर आपल्या अहमदनगरच्या छावणीत! ३१ ऑगस्टला बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी व्हाइसरॉयनं त्यांची सुटका केली आणि कळवताना मारिओंचा उल्लेख त्यांचा मुलगा असाच केला.

मॉन्टेसरींनी भारतात हजाराहून अधिक शिक्षक घडवले. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी त्याआधीच १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापून हा विचार देशी साधनांत आणला होता. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी तो बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेला. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये मॉन्टेसरींचं निधन झालं.

आपण काय घ्यायचं?

मॉन्टेसरी पद्धत म्हणजे ऑटिझमचं औषध नव्हे. ऑटिझम हा आजारच नाही, मेंदूच्या घडणीतला जन्मजात वेगळेपणा आहे. तो आईच्या लाडानं होत नाही, मोबाइलनं होत नाही, बाहेरच्या बाधेनं तर नाहीच. पण आपल्या जवळा बाजारसारख्या गावात महागड्या साधनांशिवायही पुढील गोष्टी करता येतात.

१. आठ दिवस फक्त पाहा आणि वहीत लिहा. मूल कान कधी झाकतं? घंटेला, परिपाठाच्या माइकला, की जेवणाच्या ताटांच्या आवाजाला? कारण सापडलं की अर्धं काम झालं. मग त्याला माइकपासून लांब बसवा, घंटेआधी खुणेनं सांगा.

२. दोरी फिरवणं, खडे ओळीनं लावणं एकदम बंद करू नका. इजा होत नसेल तर करू द्या. त्याच खड्यांनी मोजणी शिकवता येते.

३. बसायची जागा आणि दिवसाचा क्रम ठरलेला ठेवा. परिपाठ, वाचन, जेवण, खेळ, घर अशी पाच चित्रं भिंतीवर लावा. बदल असेल तर आदल्या दिवशी सांगा.

४. कमी बोला, करून दाखवा. एका वेळी एकच सूचना द्या. उत्तरासाठी थांबा.

५. डोळ्यांत बघ, मिठी मार, असा आग्रह धरू नका. खाली बघूनही मूल ऐकत असतं.

६. दोन वर्षांचं मूल नावाला वळून बघत नसेल, बोटानं वस्तू दाखवत नसेल, तर बोलेल उशिरा म्हणून वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. शाळेतल्या मुलासाठी गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. अशा मुलाला शाळेत घ्यायला नकार देता येत नाही.

नाव पटावर आणि मूल घरी, असं अशा मुलांच्या बाबतीत सहज घडतं. कुणी भांडत नाही, कुणी विचारत नाही, मूल हळूहळू यायचं बंद होतं. उद्या हजेरी घेताना ते नाव आलं की जरा थांबा. ते मूल आज का आलं नाही, हे त्याच्या आईला जाऊन विचारा.