राखेनंतरची लेखणी

आपण प्रभूचेच काम करीत असावे आणि तेच काम आपल्या डोळ्यांदेखत नष्ट व्हावे, अशा वेळी विश्वासणाऱ्याने काय करावे? बंगालमधील सेरामपूर येथे डॉ. विल्यम कॅरी यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला.

११ मार्च १८१२ च्या सायंकाळी मिशनच्या छापखान्यास आग लागली. कॅरी त्या वेळी फोर्ट विल्यम कॉलेजातील अध्यापनासाठी कलकत्त्यास होते. त्यांचे सहकारी वॉर्ड यांनी दारे-खिडक्या बंद करून आग कोंडण्याची शिकस्त केली. पण मध्यरात्री छप्पर कोसळले. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी कॅरींना ती वार्ता सांगितली. कागदाचा साठा, अनेक लिप्यांचे खिळे, व्याकरणांची व पवित्र शास्त्राच्या भाषांतरांची हस्तलिखिते जळाली होती. संस्कृतशी नाते असलेल्या भाषांचा जो मोठा कोश कॅरी अनेक वर्षे रचीत होते, त्याचीही राख झाली होती.

दुःख त्यांना नवे नव्हते. १७६१ साली इंग्लंडमधील एका खेड्यात जन्मलेला हा जोडे शिवणारा तरुण १७९३ मध्ये बंगालला आला. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर मरण पावला. पत्नी डॉरथी मनाविरुद्धच या देशात आली होती. तिचे मन कायमचे ढळले आणि १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सावरले नाही. पहिला बंगाली विश्वासू कृष्ण पाल याचा बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या अखेरीस, म्हणजे सात वर्षांच्या प्रतीक्षेनंतर.

आगीनंतरच्या रविवारी कॅरींनी ४६ व्या स्तोत्रातील शांत राहण्याच्या आज्ञेवर प्रवचन केले. आपले व आपल्या कामाचे काय करावे याचा अधिकार देवाचा आहे आणि तो आपण मुकाट्याने मान्य करावा, असा त्याचा आशय होता. आग का लागू दिली, याचे कारण त्यांनी सांगितले नाही. त्यांना ते ठाऊकच नव्हते.

ढिगाऱ्यात खिळे ओतण्याचे साचे शाबूत सापडले. छापयंत्रेही वाचली होती. काही आठवड्यांतच छपाई पुन्हा सुरू झाली. वार्ता पोहोचताच इंग्लंड-स्कॉटलंडमधील ख्रिस्ती जनांनी सुमारे १०,००० पौंड जमविले. येथे थांबून आपण म्हणू की, देवाचा हेतू कळला! पण वाचकहो, सावध असा. तो कोश पुढे कधीच छापला गेला नाही. पीटर परत आला नाही. डॉरथीच्या दुःखाचा हिशेब कोणत्याही देणगीने जुळत नाही. त्यात माणसांच्या चुकाही असतील. देवाचे ज्ञान आपल्या जमाखर्चाच्या वहीत मावत नाही, म्हणूनच त्यावर भरवसा ठेवावा लागतो. मावले असते तर भरवशाची गरज ती काय?

आपणा मराठी जनांवर कॅरींचे मोठे ऋण आहे. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, कोश १८१० मध्ये व नवा करार १८११ मध्ये प्रसिद्ध झाला. तरी १८२६ मध्ये मुंबईस अमेरिकन मिशनऱ्यांनी नव्या कराराचे वेगळे भाषांतर छापले आणि कॅरींचे मागे पडले. भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्या माझ्यासारख्याला यात मोठा दिलासा वाटतो. आपली वाक्ये खोडली जातील, पण ज्याचे वचन आहे तो ते राखील.

कॅरींनी पाने पुन्हा लिहिली. दुसऱ्यांदा चाललेली वाट अधिक ओळखीची असते, अशी त्यांची धारणा होती. ९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथेच ते प्रभूत निजले.

वाचकहो, आपल्याही घरी एखादी राख असेल: मोडलेला संसार, गेलेले लेकरू, फसलेली सेवा. तिचे कारण कदाचित या जन्मी कळणार नाही. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्वतःच्या बुद्धीवर टेकू नये असे सांगितले आहे. तेथे कारण समजेल असे अभिवचन नाही, वाट दाखविली जाईल असे आहे. तेवढ्या अभिवचनावर कॅरींनी लेखणी उचलली. आपणही आपले काम पुन्हा हाती घेऊ या.